छायाचित्रावरून मुद्रांचें व पत्रांचें मापन

जुन्या पत्राची नक्कल करितांना मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा, हें तत्त्व आमच्या संशोधकांत सर्वमान्य झालें आहे. त्या मानानें पत्राच्या देहाकडे, म्हणजे कागदाची लांबीरुंदी, सोडलेला समास, ओळींतील अंतर व शिक्क्याचा आकार यांकडे, लक्ष कमी जातें. वास्तविक अस्सल कोणतें व बनावट कोणतें हा वाद उपस्थित झाला म्हणजे मजकुराइतकीच साक्ष या मापांची घ्यावी लागते. एकाच धातूच्या मुद्रेचे म्हणून दोन ठसे पुढें आले व एकाची रुंदी दुसऱ्याहून दोन मिलिमीटरांनीं अधिक भरली, तर त्या फरकाचें कारण शोधल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

परंतु मूळ कागद दर वेळीं हातीं येतोच असें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या घरांत पाणी शिरलें. कागद नाहींसा होण्यास काळ किती थोडा पुरतो, हें त्या दिवशीं दिसलें. मूळ गेल्यावर छायाचित्र हाच पुरावा उरतो. तें मापण्याजोगें असावें, यासाठीं ही रीत येथें सांगतों.

संगणकावरील चित्र हें पिक्सेल म्हणजे सूक्ष्म चित्रबिंदूंचें बनलेलें असतें. आज्ञावली बिंदू मोजूं शकते. मिलिमीटर तिला ठाऊक नसतात. किती बिंदूंचा एक मिलिमीटर, हें प्रमाण आपणच तिला सांगावयाचें असतें. फोटोशॉप या आज्ञावलींत २००७ सालच्या विस्तारित आवृत्तीपासून ही सोय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत वेन रॅसबंड यांनीं १९९७ त सिद्ध केलेली इमेजजे ही आज्ञावली विनामूल्य मिळते व तींतहि हें सर्व काम होतें.

छायाचित्र घेतेवेळीं पत्राशेजारीं मिलिमीटरांची पट्टी ठेवावी. पुढें फोटोशॉपमध्यें ‘इमेज’ या यादींतील ‘ॲनॅलिसिस’ मधून ‘सेट मेझरमेंट स्केल’ उघडावें व पट्टीवर एका खुणेपासून दुसरीपर्यंत रेघ ओढावी. समजा, १०० मिलिमीटरांच्या रेघेचे २,३६० पिक्सेल भरले. तर एका मिलिमीटरास २३.६ पिक्सेल हें प्रमाण ठरलें. रेघ शक्य तितकी लांब घ्यावी. खूण पकडण्यांत दोन पिक्सेलांची चूक झाली, तर १० मिलिमीटरांच्या रेघेंत ती शेंकडा सुमारें ०.८५ पडते, १०० मिलिमीटरांच्या रेघेंत त्याच्या दशांश.

पट्टी कोठें ठेविली, यास मोठें महत्त्व आहे. कॅमेऱ्याचें भिंग मेजापासून ६०० मिलिमीटरांवर आहे, पट्टी मेजावर आहे, आणि पत्र मात्र २० मिलिमीटर जाडीच्या बाडावर उघडें आहे, अशी कल्पना करा. पत्र भिंगाला जवळ असल्यानें मोठें दिसतें, आणि ४० मिलिमीटरांची मुद्रा ४१.४ मिलिमीटर भरते. वर सांगितलेला बनावटपणाचा संशय अशा रीतीनें अस्सल कागदावर येऊं शकतो. यास्तव पट्टी पत्राच्याच पातळींत असावी व कॅमेरा त्या पातळीस समांतर असावा. कॅमेरा कलता असल्यास चौकोनाचा आकारच बिघडतो. मग कोणतेंहि एक प्रमाण सबंध चित्रास लागू पडत नाहीं.

दुसरा भ्रम चित्राबरोबर नोंदलेल्या ‘इंचास ३०० पिक्सेल’ यांसारख्या आंकड्याचा. स्कॅनरनें घेतलेल्या चित्रांत त्या आंकड्यास अर्थ असतो; इंच २५.४ मिलिमीटरांचा असल्यानें मिलिमीटरास ११.८१ पिक्सेल येतात. कॅमेऱ्याच्या चित्रांत तो आंकडा केवळ छपाईची सूचना होय. वस्तूच्या आकाराशीं त्याचा संबंध नाहीं. चित्राची कड कापल्यानें प्रमाण बदलत नाहीं, लहानमोठें केल्यानें बदलतें. व्हॉट्सॲपवरून आलेलें चित्र वाटेंत लहान झालेलें असूं शकतें. त्यावर मूळ चित्राचें प्रमाण लावूं नये.

प्रमाण ठरल्यावर ‘रूलर’ या साधनानें रेघ ओढून ‘रेकॉर्ड मेझरमेंट्स’ ही आज्ञा द्यावी. लांबी, कोन, प्रमाण, चित्राचें नांव व वेळ हीं एका तक्त्यांत उतरतात. तो तक्ता मजकुराच्या रूपानें बाहेर काढून चित्राशेजारीं जतन करावा. तथापि रेघ कोठून कोठें ओढली हें तक्ता सांगत नाहीं. मुद्रेच्या बाहेरील रेषेच्या बाहेरच्या कडेपासून कीं आंतल्या कडेपासून, हें आपल्या शब्दांत लिहावें. प्रत्येक माप तीनदां घेऊन तिन्ही आंकडे ठेवावे. आज्ञावली ३८.२७१४ असा आंकडा दाखविते. शाई पसरलेल्या ठशाला इतकी सूक्ष्मता झेपत नाहीं, म्हणून ३८.३ लिहावें.

पट्टीविना घेतलेलीं जुनीं छायाचित्रें अगदींच निरुपयोगी नव्हेत. कॅमेरा सरळ धरलेला असेल तर कोन व बाजूंचीं गुणोत्तरें त्यांवरून मिळतात. श्रीशिवछत्रपतींची मुद्रा अष्टकोनी आहे. समभुज व समकोन अष्टकोनाचा प्रत्येक कोन १३५ अंशांचा. एखाद्या ठशाचे कोन यांपासून किती ढळतात व तें ढळणें दोन ठशांत सारखें आहे काय, हें पाहिल्यास दोन्ही एकाच मुद्रेचे असण्याविषयीं अनुमान करितां येतें. मात्र कागद दमटपणानें फुगतो व दाबाप्रमाणें शाई पसरते; म्हणून केवळ मापावरून निर्णय देऊं नये. मापानें शंका उत्पन्न करावी किंवा दूर करावी. निर्णय मजकूर, अक्षर व कागद यांच्या एकत्र साक्षीनेंच व्हावा.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, आपल्या दप्तरांतील पत्रांचीं छायाचित्रें घेतांना प्रत्येकाशेजारीं पट्टी ठेवावी, मूळ चित्र न बदलतां जपावें व मापांचा तक्ता त्यासोबत ठेवावा. पुढील अभ्यासकाच्या हातीं कदाचित् पत्र असणार नाहीं. त्यास आमचें माप पुन्हां तपासून पाहतां यावें, एवढी सोय तरी आपण मागें ठेविली पाहिजे.