चिवावा पिल्लाचे संगोपन : लहान शरीर, ग्रॅमचा हिशेब आणि गोचीड नियंत्रण

मेक्सिकोतील चिवावा या राज्याच्या नावाने ओळखली जाणारी कुत्र्याची जात जगातील सर्वांत लहान जातींपैकी एक आहे. प्रौढ कुत्र्याचे वजन साधारणतः १.५ ते ३ किलो असते. राजधानी दिल्ली आणि गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या परिसरातील सदनिकांमध्ये जागेच्या अडचणीमुळे लहान जातींची कुत्री पाळली जातात. नजफगड, बवाना यांसारख्या ग्रामीण भागांत आणि शहराच्या कडेला असलेल्या गोठ्यांच्या वस्त्यांत हौसेने आणलेले असे पिल्लू आणि म्हैस एकाच आवारात वाढताना दिसतात. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या परिघावरील गावांतही हे चित्र अपरिचित नाही.

एकाच आवारात राहणाऱ्या या दोन प्राण्यांच्या अंगावर गोचीड आढळली, की गोठ्यातील औषधाची बाटली पिल्लासाठीही उघडली जाण्याचा धोका असतो. विस्तार कार्यकर्त्यांना "म्हशीचे औषध थोडे कमी करून वापरले तर चालेल का?" असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याचे उत्तर ठाम नकारार्थी असावे. त्यामागील कारण समजण्यासाठी प्रथम लहान शरीराचे गणित समजून घ्यावे लागते.

लहान शरीराचे गणित

प्राण्याचा आकार जसजसा लहान होतो, तसतसे त्याच्या वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ वाढत जाते. चारशे किलोच्या म्हशीच्या वाट्याला दर किलो वजनामागे जेवढी त्वचा येते, त्याच्या कितीतरी पट अधिक त्वचा अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या वाट्याला येते. यातून तीन गोष्टी घडतात. शरीरातील उष्णता लवकर निघून जाते. ती भरून काढण्यासाठी ऊर्जा लवकर खर्च होते, आणि पिल्लाच्या यकृतातील साखरेचा साठा मुळातच तुटपुंजा असल्याने रक्तातील साखर झपाट्याने घसरते. तिसरे म्हणजे, अंगावर लावलेले औषध दर किलो वजनामागे अधिक प्रमाणात शोषले जाते. चिवावाच्या संगोपनातील बहुतेक सर्व सूचना या तीन परिणामांतून निघतात.

वाढीचे टप्पे

जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असते. पहिल्या दोन आठवड्यांत ते स्वतःचे तापमान राखू शकत नाही. त्याला कुडकुडताही येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. दिल्लीत जानेवारीच्या रात्री पारा एकअंकी आकड्यांपर्यंत उतरतो, त्यामुळे उघड्या व्हरांड्यात विणारी मादी आणि तिची पिल्ले धोक्यात येतात. या काळात रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करून नोंद ठेवावी. निरोगी पिल्लाचे वजन दररोज थोडे वाढते आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनाच्या दुप्पट होते. वजन न वाढणे ही आजाराची पहिली खूण समजावी.

डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून मऊ केलेला पिल्लांचा आहार सुरू करता येतो. दोन महिन्यांचे पिल्लू साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. त्यापूर्वी त्याला आईपासून वेगळे करू नये. कुत्र्यांचे प्रजनन व विपणन याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसारही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. "फारच लहान व गोंडस" म्हणून पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू दिले जात असेल, तर खरेदीदाराने ते नाकारावे.

दोन ते चार महिन्यांचा काळ सर्वांत नाजूक असतो. या वयात दिवसातून चार ते पाच वेळा थोडे थोडे खाणे द्यावे व रात्रीचा उपवास लांबू देऊ नये. पिल्लू अचानक सुस्त झाले, लडखडू लागले किंवा झटके आले, तर रक्तातील साखर घसरल्याचा संशय घ्यावा. हिरड्यांवर थोडे मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात द्रव ओतू नये. जंतनिर्मूलन दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, कारण गोलकृमी आईच्या गर्भाशयातूनच पिल्लात येऊ शकतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण करावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी.

चार ते सहा महिन्यांत दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात येतात. लहान जातींत दुधाचे दात अडकून राहण्याचे प्रमाण अधिक असल्याने तोंड तपासत राहावे. आठ ते दहा महिन्यांत चिवावा पूर्ण आकार गाठतो; मोठ्या जातींना यासाठी दीड ते दोन वर्षे लागतात. वर्षाच्या सुमारास त्याला प्रौढांचा आहार द्यावा. अनेक चिवावांच्या टाळूवर मऊ भाग आयुष्यभर राहू शकतो, म्हणून डोक्याला मार लागणार नाही याची काळजी घ्यावी. श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा.

गायीची गोचीड आणि कुत्र्याची गोचीड

गोठ्यातील निळसर गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, एकाच जनावरावर लार्वा, निम्फ आणि प्रौढ या तिन्ही अवस्था पूर्ण करते. त्यामुळे जनावरावर उपचार केल्यास तिच्या जीवनचक्राचा मोठा भाग आटोक्यात येतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, वेगळी वागते. ती प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरते, फटीत जाऊन कात टाकते आणि पुन्हा कुत्र्यावर चढते. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. ही जात घराच्या आतच संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करू शकते आणि तिचा कल वर चढण्याकडे असल्याने भिंतीच्या भेगा, पडद्यांच्या शिवणी व पिंजऱ्याचे छत ही तिची आवडती ठिकाणे आहेत. उपाशी प्रौढ गोचीड अनेक महिने जिवंत राहते.

याचा अर्थ असा, की पिल्लाच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी एकूण संख्येचा छोटा भाग असतात. उरलेल्या घरात असतात. पुनःपुन्हा गोचीड दिसते म्हणून पिल्लावरील औषधाची मात्रा वाढवली, तर भिंतीतील गोचिडींना काहीच होत नाही. विषबाधा फक्त पिल्लाला होते.

गोचिडीचा धोका दुहेरी आहे. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ६०० ग्रॅमच्या पिल्लात जेमतेम ५० मिलिलिटर, अर्धा कप चहाएवढे. मोठ्या कुत्र्याला सहन होणारा गोचिडींचा किंवा पिसवांचा प्रादुर्भाव अशा पिल्लात रक्तक्षय घडवतो. शिवाय ही गोचीड एर्लिकिया आणि बबेशिया या रोगकारकांचा प्रसार करते. ताप, भूक मंदावणे, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी ही त्यांची लक्षणे होत. एर्लिकियाचा प्रसार गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच होऊ शकत असल्याने तपासणी रोज व्हायला हवी.

औषधाची मात्रा : चूक कुठे होते?

गोठ्यात वापरले जाणारे १ टक्का आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन जनावराच्या ५० किलो वजनामागे १ मिलिलिटर असे दिले जाते. याच प्रमाणाने एक किलोच्या पिल्लाचा हिशेब केला, तर ०.०२ मिलिलिटर येतात. नेहमीच्या सिरिंजने एवढे मोजता येत नाही. दशांश मिलिलिटर गेले तरी मात्रा पाचपट होते. लहान पिल्लांत मेंदूचे संरक्षण करणारा अडसर पूर्ण विकसित झालेला नसल्याने ही चूक जिवावर बेतू शकते.

अमिट्राझची गोष्ट याहून बोलकी आहे. हे रसायन गोचिडीच्या शरीरातील ऑक्टोपामाइनच्या ग्राहींवर काम करून तिला निकामी करते. सस्तन प्राण्यांत ते अल्फा-२ ग्राहींवर परिणाम करते आणि सुस्ती, मंद हृदयगती व शरीराचे तापमान घटणे ही लक्षणे दिसतात. आधीच उष्णता टिकवू न शकणाऱ्या पिल्लासाठी हे विशेष घातक ठरते. काही देशांत कुत्र्यांसाठीच्या अमिट्राझ द्रावणाच्या माहितीपत्रकात ते चिवावा जातीवर वापरू नये, अशी स्पष्ट सूचना असते.

शेतीतील कीटकनाशकांबाबतही सावध राहावे. फिप्रोनिल हे नाव पिकांच्या औषधावर आणि कुत्र्यांच्या फवाऱ्यावर सारखेच आढळते. मात्र कुत्र्यांच्या फवाऱ्यात त्याचे प्रमाण ०.२५ टक्के असते, तर पिकांसाठीच्या प्रचलित द्रावणात ५ टक्के, म्हणजे वीसपट; त्यातील सहायक द्रव्येही त्वचेसाठी तपासलेली नसतात. तंबाखूचा अर्क आणि रॉकेल हे घरगुती उपायही टाळावेत. कुत्र्यांना तोंडाने देण्याच्या आधुनिक गोळ्यांनाही किमान वय व वजनाची अट असते. बहुतेकांत ती सुमारे दोन किलोची असल्याने अनेक चिवावा पिल्ले सहा महिन्यांपर्यंत त्यांस पात्र ठरत नाहीत. म्हणून औषधाची निवड पशुवैद्यकाने, त्याच दिवशी केलेल्या वजनावरूनच करावी.

प्रत्यक्ष काय करावे?

- दररोज कानांच्या आत-मागे, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत तपासावे. आढळलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी. हाताने चिरडू नये.
- पिसवांसाठी बारीक दातांचा कंगवा वापरावा. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे.
- भिंतीच्या व फरशीच्या भेगा सिमेंट किंवा पुट्टीने बुजवाव्यात. घरात फवारणी आवश्यक असल्यास ती परवानाधारक व्यक्तीकडून करून घ्यावी. पिल्लू व त्याची भांडी बाहेर ठेवावीत आणि जागा पूर्ण वाळल्यावरच परत आणावीत.
- गोठा आणि पिल्लाची झोपण्याची जागा वेगळी ठेवावी. जनावरांवर फवारणी चालू असताना पिल्लू जवळ नसावे.
- मे-जूनच्या उन्हात भर दुपारी बाहेर नेऊ नये. पावसाळ्यातील दमट हवेत गोचीड व पिसवांचा जोर वाढतो, म्हणून तपासणीत खंड पडू देऊ नये.
- औषध लावल्यानंतर लडखडणे, लाळ गळणे, थरथर दिसल्यास पशुवैद्यकाशी लगेच संपर्क साधून पुढील सूचना घ्याव्यात आणि औषधाची बाटली सोबत घेऊन जावे. बाटलीवरील घटकाच्या नावावरून उपचाराची दिशा ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकांच्या बैठकीत गोठ्यातील गोचीड नियंत्रण शिकवताना आवारातील कुत्र्यांचा विषयही जोडून घ्यावा. म्हशीसाठीची बाटली म्हशीसाठीच ठेवावी आणि पिल्लाच्या कोणत्याही औषधापूर्वी त्याचे वजन करावे, एवढ्या दोन गोष्टी पशुपालकांपर्यंत पोहोचल्या तरी टाळता येण्याजोगे अनेक मृत्यू टळू शकतील.