रुमानियातील टाइपरायटरचा परवाना

हुकूम क्रमांक ९८, दि. २८ मार्च १९८३

छपाईपूर्वी मजकूर तपासणारी सरकारी कचेरी १९७७ मध्ये नावापुरती बरखास्त झाली असली, तरी निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने (१९६५–८९) या हुकमान्वये मजकुराऐवजी लेखनाच्या साधनावरच नियंत्रण बसविले, आणि घरगुती टाइपरायटर हत्यारासारखा पोलिसांच्या दप्तरी दाखल झाला.

• परवाना : मिलिशिया, म्हणजे तेथील पोलीसखाते, यांच्या लेखी परवान्यावाचून टाइपरायटर बाळगण्यास मनाई होती. पूर्वी गुन्हा शाबीत झालेल्या, अथवा सार्वजनिक सुव्यवस्थेस ज्याच्यापासून धोका आहे असे अधिकाऱ्यांस वाटे, अशा इसमाचा अर्ज नामंजूर होऊ शके.

• अक्षरांचा नमुना : यंत्र घेताना, दुरुस्तीनंतर आणि पुढे प्रतिवर्षी त्यावर टंकित केलेला नमुना मिलिशियाकडे द्यावा लागे. यातील हेतू ध्यानी घेण्याजोगा आहे : वापराने प्रत्येक यंत्राचे खिळे निराळ्या रीतीने झिजतात, एखादे अक्षर ओळीच्या किंचित वर चढते, एखाद्याची कड तुटते, त्यामुळे निनावी पत्रक हाती लागताच ते नमुन्यांशी ताडून, कोणाच्या घरी टंकित झाले याचा माग काढता येई.

• उसनवारी : यंत्र उसने किंवा भाड्याने देता येत नसे.

• प्रती काढण्याची यंत्रे : खासगी व्यक्तीस मुळीच बाळगता येत नसत.

२२ डिसेंबर १९८९ रोजी चाउशेस्कू यांची सत्ता कोसळली. त्याच महिन्यात हा हुकूम रद्द झाला.