विश्लेषण : गरिबांची बाजू घेणारे धर्मगुरू ‘मार्क्सवादी’ कसे ठरले?

पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ लिमातील गरीब वस्तीत काम करत. ‘मुक्तीचे धर्मशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक १९७१ मध्ये आले. गरिबी ही देवाची इच्छा नव्हे, ती माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेतून येते. म्हणून तिच्याविरुद्ध उभे राहणे हाही श्रद्धेचाच भाग, हे त्याचे सार. इजिप्तच्या गुलामीतून झालेली सुटका हा त्यांचा बायबलमधील आधार.

आक्षेप कशावर?

गरिबी का टिकते हे समजून घेण्यासाठी या मंडळींपैकी अनेकांनी मार्क्सची वर्गसंघर्षाची परिभाषा उसनी घेतली, निरीश्वरवाद घेतला नाही. व्हॅटिकनला ही फोड पटली नाही. कार्डिनल जोसेफ रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी १९८४ मध्ये बजावले की, विश्लेषण स्वीकारले की त्यामागचे तत्त्वज्ञानही आत शिरते. ब्राझीलच्या लिओनार्दो बोफ यांना १९८५ मध्ये मौनाचा आदेश मिळाला. मात्र या इशाऱ्याआडून कुणी गरिबांकडे पाठ फिरवू नये, असेही १९८४ च्या त्याच दस्तावेजात होते. ते फारसे कुणी वाचले नाही!

रोमेरो यांचे काय?

एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो मुळात सनातनी वळणाचे. दडपशाही थांबवा, असे आवाहन त्यांनी सैनिकांना केले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, प्रार्थना सुरू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या संतपदाचा प्रस्ताव रोममध्ये वर्षानुवर्षे रखडला. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये त्यांना संत घोषित केले. त्याच वर्षी नव्वदीत पोहोचलेल्या गुतिएरेझ यांनाही पोपचे आभारपत्र आले.