कौशल्याचाही घसारा असतो

कर्करोगाचा प्रश्न निघाला की आपली दृष्टी मोठ्या शहरांतील रुग्णालये आणि किरणोपचाराची महागडी यंत्रे यांवरच खिळते. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रुग्ण स्त्रीचे भवितव्य पुष्कळदा ती रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. २०२२ मध्ये या रोगाने जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या. त्यांतील शेकडा ९४ मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. वास्तविक हा रोग सावकाश वाढतो. त्याची पूर्वचिन्हे वेळीच दिसली तर साध्या उपचारांनीही तो टळू शकतो.

ही चिन्हे ओळखण्यास दरवेळी डॉक्टरच हवा असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले.

यावरून केवळ प्रशिक्षण दिले की काम भागले, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. तेथे दर दोन वर्षांनी, अशा तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. सेविकांचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले गेले. आणि संशयित स्त्रीला पुढील तपासणीचे व उपचारांचे दार उघडे होते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर करण्याचे धोरण आखले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शेकडा दोनही भरल्या नाहीत. लसीकरण, बाळंतपणे आणि नोंदवह्या यांत बुडालेल्या परिचारिकेला चार दिवसांच्या वर्गात बसवून प्रमाणपत्र दिले, तरी तिला त्यासाठी वेळ कोण देणार? यंत्राचा घसारा हिशेबात धरला जातो. कौशल्याचा धरला जात नाही. वापराविना आणि देखरेखीविना तेही झिजते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूच्या चाचणीला प्राधान्य दिले. त्यामुळे डोळ्यांनी पारखण्याचे काम कमी होईल, सेविकेचे नव्हे. संकोचणाऱ्या स्त्रीला चाचणीस राजी करणे, दोष आढळल्यास तिला धीर देणे आणि उपचार पुरे होईपर्यंत तिचा पाठपुरावा करणे कोणत्याही उपकरणाला जमणारे नाही.

म्हणून प्रशिक्षण हा एकदाच करावयाचा खर्च न मानता वेतनासारखा दरसालचा खर्च मानला पाहिजे. त्याचे यशही किती जणींना प्रमाणपत्रे मिळाली यावर नव्हे, तर दोष आढळलेल्यांपैकी किती जणींचे उपचार पुरे झाले यावर मोजले पाहिजे. तो आकडा जोवर कोणी मागत नाही, तोवर वर्ग भरत राहतील आणि टाळता येण्याजोगे मृत्यूही घडत राहतील.