दंडातला उंदीर

हॉस्टेलवर कुणी नवीन नवीन जिम लावली की पंधराव्या दिवशी तो बाही वर सरकवून बेटकुळी काढून दाखवतोच. तेव्हा त्याला विचारा, "बाबा रे, हा बेडूक की उंदीर?"

तसं दोन्ही बरोबर. 'मसल' हा शब्द लॅटिन 'मुस्क्युलस'वरून आला. 'मुस' म्हणजे उंदीर आणि 'क्युलस' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, आपल्या छकुली-धाकुलीसारखा. म्हणजे मसल म्हणजे चक्क छोटासा उंदीर! कातडीखाली हलणारा स्नायू जुन्या लोकांना पळत्या उंदरासारखा वाटला असावा. ग्रीकमध्येही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द होता, आणि संस्कृत 'मूषक' त्याच घराण्यातला. आपल्याकडे मात्र दंडात बेडूक दिसला, म्हणून बेडकुळी, म्हणजेच बेटकुळी.

आता 'बायसेप्स'. 'बाय' म्हणजे दोन. 'सेप्स' आलं 'कापुट'वरून, म्हणजे डोकं. हा स्नायू खांद्याच्या पात्यावर दोन ठिकाणी सुरू होतो, ती त्याची दोन डोकी. दंडामागचा ट्रायसेप्स तीन डोक्यांचा, मांडीचा क्वाड्रिसेप्स चार डोक्यांचा. यातला शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही बरं का! एका दंडातही बायसेप्सच.

डोकी वर, मग शेपूट कुठे? कोपराच्या पुढे जेमतेम 4 सेंटिमीटरवर, हाताच्या हाडाला. इथे आपलं मेकॅनिक्स कामाला येतं. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर 5 किलो वजन धरलं, ते कोपरापासून 35 सेंटिमीटरवर आहे असं समजा. मोमेंट घ्या: 5 गुणिले 35 भागिले 4, म्हणजे जवळजवळ 44 किलोचा ओढा त्या बिचाऱ्या उंदरावर! हाताचं स्वतःचं वजन वेगळंच.

आम्ही गोडदेवला चाळीत राहायचो तेव्हा पाणी खालून भरून आणावं लागे. आई बादली नेताना हात सरळ खाली सोडायची. मी ताकद दाखवायला कोपर वाकवून न्यायचो, की ती ओरडायची, "हात सोड, दंड भरून येईल!" हात सरळ लोंबता ठेवला की वजन कोपराच्या बरोबर खाली येतं आणि मोमेंट जवळपास शून्य होते. आईने मेकॅनिक्सचा पेपर कधी दिला नव्हता, पण उत्तर बरोबर होतं.

तेव्हा जिमवीरांनो, डंबेलवरचा आकडा वाचताना त्याला जवळजवळ नऊने गुणा. उंदीर लहान आहे, जरा दमाने घ्या!