ट्रॅक्टरचे हेडकाम : व्हॉल्व्हचे सुटे भाग निवडताना

कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य मानला जातो. या महिनाभरात जमिनीतील ओल पकडता आली तर पीक हाती लागते. ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला तर ओल कोणासाठी थांबत नाही. कृषिविद्येच्या अध्यापकाने इंजिनाविषयी का लिहावे, असा प्रश्न पडला असल्यास त्याचे उत्तर एवढेच आहे.

पंधरा-वीस वर्षे चाललेला ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, चढाला दम टाकतो, धूर वाढतो. मिस्त्री हेड उतरवतो, व्हॉल्व्ह गेले म्हणून सांगतो आणि हातात सामानाची चिठ्ठी देतो. ही चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या दुकानात जाण्यापूर्वी काय पाहावे, कोठे पैसे वाचवावेत आणि कोठे मुळीच वाचवू नयेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

हेड उतरवण्यापूर्वी

दोष व्हॉल्व्हचाच आहे याची आधी खात्री करावी. एअर फिल्टरचा पाइप काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. मात्र त्यापूर्वी इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेली असावी आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. कॉम्प्रेशनच्या वेळी हवेचा फुसफुस आवाज फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट गळतो. ब्रीदरमधून आला तर दोष रिंग-पिस्टनचा आहे आणि नुसते हेडकाम करून भागणार नाही. टॅपेटची फट आधी तपासावी हेही महत्त्वाचे. फट अजिबात न उरल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एवढ्याच कारणाने कॉम्प्रेशन गेलेली इंजिने पुष्कळ असतात.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १००० वेळा उघडतो व मिटतो. आठ तासांच्या नांगरटीत हा आकडा ४ लाख ८० हजारांवर जातो. इनलेट व्हॉल्व्हला प्रत्येक वेळी थंड हवा लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून मात्र जळालेला वायू जातो आणि भाराखाली त्याचे डोके ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ही उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे सीट. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो त्या क्षणांत तो निवतो. उरलेली उष्णता दांड्यातून गाइडकडे जाते. सीटवर कोठे काजळी अडकली किंवा व्हॉल्व्ह तिरका बसला, की तेवढी कड निवत नाही, तेथे चीर पडते आणि व्हॉल्व्ह जळतो.

म्हणून इनलेट व एक्झॉस्टचे पोलाद सहसा वेगळे असते. एक्झॉस्टसाठी पुष्कळदा क्रोमियम, मँगनीज व निकेल असलेले उष्णतारोधक पोलाद वापरतात. अशा व्हॉल्व्हच्या डोक्याला लोहचुंबक चिकटत नाही. दांडा वेगळ्या पोलादाचा जोडलेला असल्यास त्याला चिकटतो. दुकानात जाताना खिशात छोटे चुंबक आणि हातात जुना मूळ व्हॉल्व्ह ठेवावा. जुन्याच्या डोक्याला चुंबक चिकटत नसेल आणि नव्याच्या डोक्याला चिकटत असेल, तर तो व्हॉल्व्ह कितीही चकचकीत असला तरी परत करावा. काही इंजिनांत मूळचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चुंबकाला चिकटणारा असतो, त्यामुळे तुलना नेहमी मूळ भागाशीच करावी.

भाग मागताना ट्रॅक्टरचे नाव पुरेसे नाही, इंजिन नंबर सांगावा. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर सिम्प्सनचे इंजिन असते हे अनेकांना ठाऊक आहे. पण एकाच कंपनीच्या इंजिनात वर्षागणिक व्हॉल्व्हची लांबी, डोक्याचा व्यास किंवा सीटचा कोन बदललेला असू शकतो. ३० अंशांच्या सीटवर ४५ अंशांचा व्हॉल्व्ह कितीही घासला तरी बसणार नाही.

जुना व्हॉल्व्ह ग्राइंड करून वापरता येतो का? दांडा झिजलेला नसेल, वाकलेला नसेल आणि ग्राइंड केल्यावर डोक्याच्या कडेची जाडी सुमारे १ मि.मी. उरत असेल तर इनलेट जरूर वापरावा. कड धारदार झाली असेल तर ती लाल होऊन जळणारच. एक्झॉस्टच्या बाबतीत मी काटकसर सुचवणार नाही.

आधी गाइड, मग सीट, शेवटी व्हॉल्व्ह

चिठ्ठीत बहुतेक वेळा फक्त व्हॉल्व्ह लिहिलेले असतात. पैसे वाया जातात ते येथेच. गाइड झिजलेली असेल तर नवा व्हॉल्व्ह तिच्यात डुलतो, दर वेळी सीटच्या वेगळ्या जागी टेकतो आणि एका हंगामात पुन्हा गळू लागतो. व्हॉल्व्ह सीटवरून बोटभर उचलून आडवा हलवून पाहावा. नवी फट केसाएवढी, म्हणजे मि.मी.चे काही शतांश असते. डोके डोळ्यांना दिसेल इतके डुलत असेल तर डायल गेजने मोजून घ्यावे आणि पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा झीज जास्त भरली तर गाइड बदलावी. आपल्याकडे गाइड लवकर झिजण्याचे मोठे कारण धूळ आहे. ऑइल बाथ फिल्टरमधील तेल चिखलासारखे झाले तरी बदलले जात नाही, आणि तीच धूळ इनलेटच्या गाइडला कानसीसारखी घासते.

गाइड ठोकून नव्हे, प्रेसवर बसवून घ्यावी व नंतर रीमर फिरवावा. सीट कापण्याच्या हत्याराची दांडी गाइडमध्येच बसते. गाइड वाकडी किंवा ढिली असेल तर सीटही वाकडीच कापली जाते. म्हणून सीट आधी कापून मागाहून गाइड बदलणाऱ्या कारागिराकडे हेड देऊ नये.

सीटची टेकण्याची पट्टी साधारण दीड ते दोन मि.मी. रुंद असावी. फार अरुंद असल्यास व्हॉल्व्ह निवत नाही आणि लवकर ठोकरला जातो, फार रुंद असल्यास काजळी धरते. वारंवार कापलेल्या सीटमुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो. डिझेल इंजिन दाबावर चालते. व्हॉल्व्ह खोल गेला की ज्वलनाची जागा वाढते, दाब घटतो आणि थंडीत इंजिन धक्का मागते. पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा खोली जास्त भरली तर नवी सीट रिंग बसवावी. उलट व्हॉल्व्ह वर राहिला तर तेही घातक आहे, कारण डिझेल इंजिनात पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो आणि व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

(ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप किंवा मोटार आहे त्यांच्यासाठी : शिशाचे पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले. साध्या बिडाच्या सीटला त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. अशा इंजिनाचे काम निघाले तर एक्झॉस्टला कडक धातूची सीट रिंग बसवून घ्यावी.)

स्प्रिंग, कॉटर आणि रॉकर

स्प्रिंग तुटलेली नसली म्हणजे चांगली असे नाही. जुनी व नवी स्प्रिंग एकापुढे एक ठेवून, मध्ये पत्रा घालून, व्हाइसमध्ये दाबावी. जुनी स्पष्टपणे जास्त दबली तर पूर्ण संच बदलावा. गंजाचे खड्डे असलेली स्प्रिंग तेथूनच तुटते. जास्त कडक स्प्रिंग घातली की ओढ वाढते, असे सांगणारे भेटतात. शेतीच्या संथ इंजिनाला तिचा काही फायदा नाही. कॅम व टॅपेट मात्र लवकर खातात.

कॉटर म्हणजे व्हॉल्व्हला स्प्रिंगशी धरून ठेवणारे दोन छोटे अर्धगोल तुकडे. सगळ्या सामानात हे सर्वांत स्वस्त. ते झिजून निसटले तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन, हेड, कधी लायनरही घेऊन जातो. नव्या व्हॉल्व्हबरोबर कॉटर नवेच घालावेत.

रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलर गेज फसवतो. पट्टी खड्ड्याच्या दोन कडांवर आडवी पडते, खड्ड्याची खोली मोजली जात नाही आणि प्रत्यक्ष फट जास्त राहते. टोक घासून सारखे करावे, खड्डा खोल असेल तर रॉकर बदलावा. पुश रॉड काचेवर लोळवून सरळ आहे का पाहावा. उतरवतानाच पुश रॉड व टॅपेट यांना क्रमांक घालून ठेवावेत, कारण प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमशी झिजून जुळलेला असतो. नव्या कॅम शाफ्टवर जुने टॅपेट कधीही घालू नयेत. ते नवा कॅम खातात.

काम घरी नेण्यापूर्वी

व्हॉल्व्ह, स्प्रिंग बसवलेले हेड आपल्यासमोर आडवे ठेवायला सांगावे आणि इनलेट-एक्झॉस्टच्या तोंडांत थोडे डिझेल ओतावे. दहा मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसली तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासून घ्यावा. घासण्याची पेस्ट शेवटी पूर्ण धुतली पाहिजे. तिचा कण गाइडमध्ये राहिला तर नव्या गाइडचे काही खरे नाही.

टॅपेटची फट इंजिन थंड असताना लावायची की गरम, हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. आवाज येतो म्हणून ती घट्ट करू नये. ढिला टॅपेट खडखड करून आपली तक्रार सांगतो, घट्ट टॅपेटखालचा व्हॉल्व्ह गुपचूप जळतो. नवे व्हॉल्व्ह सुरुवातीला सीटवर थोडे बसतात व फट कमी होते, त्यामुळे पहिल्या ५० तासांच्या सुमारास ती पुन्हा तपासून घ्यावी. हेडचे बोल्ट पुन्हा आवळण्यास पुस्तिकेत सांगितले असेल तर ते टॉर्क पान्ह्याने, ठरलेल्या क्रमाने आधी आवळावेत आणि मग टॅपेट लावावेत.