अभियांत्रिकी आणि कायदा : एकत्र की एकापाठोपाठ?

अभियांत्रिकी आणि कायदा एकत्र शिकावयाचे कशासाठी, असे विद्यार्थी मला विचारतात. उत्तर आपल्या कृष्णाकाठीच आहे. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवर थांबावी की ५२४.२५६ पर्यंत जावी, हा वाद लवादापुढे होता. २०१० साली लवादाने वाढीव उंचीस मान्यता दिली. धरणाच्या फुगवट्याचे पाणी कोठवर चढेल, हे गणित अभियंत्याचे. कोणत्या राज्याचा हक्क किती, हा प्रश्न वकिलाचा. दोन्ही जाणणारा मनुष्य अशा वेळी मोलाचा ठरतो. पेटंटचेही तसेच. पेटंट एजंटाच्या परीक्षेस बसावयाचे तर विज्ञानाची वा अभियांत्रिकीची पदवी लागते.

आता वर्षांचा हिशेब पाहू. अभियांत्रिकीची चार आणि नंतर कायद्याची तीन, अशी सात वर्षे होतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत संयुक्त पदवीची सोय आहे. असा अभ्यासक्रम सहा वर्षांत बसविला, तर एक वर्ष वाचते. परंतु कर्नाटकात बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाकडे, तर कायद्याची हुबळीच्या विधी विद्यापीठाकडे. दोहोंची सांगड सोपी नाही.

शिवाय सुट्या मार्गाने चार वर्षांनी एक पदवी हाती पडते. संयुक्त मार्ग मध्येच सुटला, तर दोन्ही जाण्याची भीती. म्हणून ज्याचा निश्चय पक्का नाही, त्याने आधी अभियंता व्हावे, असे माझे मत आहे. कायद्याचे दार पुढेही उघडे असते. खरगपूरच्या आय.आय.टी.त २००६ पासून अभियांत्रिकी पदवीधर तीन वर्षांचा कायदा शिकत आहेत.